पंचमहाभूतांवरचा प्रयोग, बघायचा नाही, अंगावर घ्यायचा. अग्नी आणि पहिला पाऊस कसा उभा करू?

टेकडीवाट | ३ मार्च, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

आम्ही सहाजण आहोत, सगळे नोकऱ्या सांभाळून नाटक करणारे, चौघांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा केलेली आणि नंतर सुटलं ते सुटलंच, आता इतक्या वर्षांनी परत एकत्र आलोय. मे महिन्यात एक प्रयोग करायचं ठरलंय आणि अडलोय म्हणून इथे विचारतेय.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या शाळेचा हॉल मिळालाय, शहाबादी फरशी, वर कौलं, लाकडी खिडक्या. एका वेळी फक्त १६ प्रेक्षक घेणार. स्टेज नाहीच, प्रेक्षक हॉलभर विखरून बसणार, कोणी स्टुलावर कोणी सतरंजीवर, आणि आम्ही त्यांच्या मधून फिरत राहणार. गोष्ट अगदी छोटी आहे. वैशाखात एक बाई घागर घेऊन विहिरीवर जाते, विहीर आटत आलेली, तळाशी जेमतेम पाणी, ते भरून ती परत निघते आणि घरी पोचेपर्यंत वळीव येतो. एवढंच. पण ती सांगायची नाहीये, ती प्रेक्षकाच्या अंगावर घडली पाहिजे, तापलेलं रिकामं आभाळ, झळा, वारा सुटणं, विहिरीतला गारवा, पहिल्या थेंबाबरोबर येणारा मातीचा वास. पाचही भूतं पन्नास मिनिटांत यायला हवीत आणि बराचसा वेळ काळोख किंवा अगदी मिणमिणता उजेड.

हे का करायचंय ते सांगते. माझी आजी शेवटची चार वर्षं डोळ्यांनी पूर्ण अधू होती. धायरीच्या घरी गॅलरीत बसून ती म्हणायची, आता सिंहगडाकडून आलंय बघ, आणि थोड्या वेळात खरंच पाऊस यायचा. वारा तिच्या डाव्या गालाला लागायचा त्यावरून तिला कळायचं. मी शेजारीच बसलेली असायचे आणि मला काहीही कळायचं नाही. तिचं ते गालाला कळणं मला लोकांना द्यायचंय. त्यामुळे दर प्रयोगाला चार-पाच जागा दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी ठेवणार, आणि एक प्रयोग विशेष मुलं आणि त्यांच्या आईवडलांसाठी वेगळा करायचा विचार आहे.

आता अडलंय कुठे. मातीच्या वासासाठी रविवार पेठेतून मिट्टी अत्तर आणलं, चार थेंब टाकले आणि हॉल असा भरून गेला की दुसऱ्या दिवशीही जाईना, आणि पावसाच्या आधीच सगळीकडे पाऊस झालेला. वाऱ्यासाठी पेडेस्टल फॅन लावला तर बघायला आलेली मैत्रीण म्हणाली पंखा छान आहे. अग्नीचं तर काहीच जमत नाहीये, शाळेने ज्योत पेटवायला नाही सांगितलंय आणि ते बरोबरच आहे, म्हणून लाल एलईडी आणि ब्लूटूथ स्पीकरवर जाळाचा आवाज असं केलं, अगदी मेलेलं वाटलं. शिवाय क्रम कुठला ठेवायचा यावर आमच्यात रोज वाद. कोणी असं काही केलं असेल, पाहिलं असेल तर मोकळेपणाने लिहा प्लीज.

विंगेतला | ४ मार्च, सकाळी ७.१५

ताई, मी २८ वर्षं पुण्यात हौशी नाटकांची पडद्यामागची कामं केली, राज्य नाट्य स्पर्धेपासून बालनाट्यांपर्यंत, भरत नाट्य मंदिरात आणि टिळक स्मारकला विंगेत उभं राहूनच आयुष्य गेलं म्हणा. तुमची कल्पना मला मनापासून आवडली म्हणून सकाळी सकाळी सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे स्पीकर बाजूला ठेवा. कानाला दिशा कळते, आणि काळोखात तर तिच्याकडे जास्तच लक्ष जातं. रेकॉर्डेड पाऊस दोन कोपऱ्यांतल्या दोन डब्यांमधून येतो आणि तिथंच बसून राहतो, खरा पाऊस आधी लांब असतो, मग शेजारच्यांच्या पत्र्यावर असतो, मग आपल्या डोक्यावर. हे हातानेच होतं.

सुपं घ्या सहा. प्लॅस्टिकची नकोत, बुरूड आळीतनं बांबूची आणा. मूठभर राजगिरा टाकायचा आणि सूप अगदी सावकाश तिरकं करायचं, राजगिरा बांबूच्या विणीवरनं ओघळतो तो आवाज म्हणजे कौलावरची भुरभुर, ऐकून बघा. ज्वारी टाकली की सर आली. हरभरे टाकले की गारा, पण ते चार चार सोडायचे, एकदम ओतलेत तर गारा नाही, हरभरेच ऐकू येतात. आता सहाजण सहा सुपं घेऊन उभे रहा, एकाने हॉलच्या लांबच्या टोकाला सुरुवात करायची, मग दुसरा जरा अलीकडे, मग प्रेक्षकाच्या अगदी पाठीशी. पाऊस चालत येतो म्हणतो ना आपण, तो असा चालत आणता येतो. आणि शेवटी एकेका प्रेक्षकाच्या डोक्यावर जुनी काळी कापडी छत्री धरून वरनं झारीनं खरं पाणी सोडा. छत्रीखाली बसून पाऊस ऐकणं याच्यासारखं दुसरं काही नाही.

गडगडाटाला पातळ जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, माणसाच्या उंचीचा, वरनं दोन ठिकाणी दोरीने टांगायचा आणि खालचा कोपरा धरून हलवायचा. सुरुवातीला नुसता थरथरवा, तो लांबचा गडगडाट.

वारा. पंख्याचा वारा एकसारखा येतो म्हणून तो पंखाच राहतो. वारा थांबून थांबून येतो. दोघांनी मोठी चादर चार टोकांनी धरायची, डोक्यावर न्यायची आणि एकदाच खाली झटकायची, मग थांबायचं, दुसरा झोत कधी येईल ते प्रेक्षकाला कळता कामा नये. आवाजासाठी युरोपातल्या जुन्या थिएटरांत लाकडी पट्ट्यांचा ढोल असायचा, त्यावर कॅनव्हास ताणलेला, हँडल फिरवलं की पट्ट्या कापडाला घासून घूं घूं आवाज निघतो, जोरात फिरवलं की आवाज चढतो. चांगला सुतार असेल तर सहज करून देईल.

अग्नीसाठी एलईडी विसरा, त्याच्या झोतात ऊब जवळपास नसतेच. लाइटवाल्याकडे विचारा, जुना हॅलोजनचा १००० वॅटचा पार कॅन, म्हणजे स्टेजवरचा डब्यासारखा दिवा, अडगळीत पडलेला असतो, तो भाड्याने आणा. आठ-दहा फुटांवरून डिमरवर इतका हळू चढवा की कधी सुरू झाला ते कळू नये. मिटलेल्या पापणीतून तांबूस उजेड आणि गालावर ऊब दोन्ही एकदम येतं. फक्त दिव्याला सेफ्टी चेन आणि पुढे जाळी हवीच, आणि तो सव्वाचार ॲम्पिअरच्या वर खेचतो त्यामुळे शाळेच्या साध्या पॉइंटवर दोन लावायचा विचारही करू नका, जुनं वायरिंग असतं. जाळाच्या चुरचुर आवाजाला सेलोफेन कागद, मिठाईच्या खोक्यावर असतो तो, कानाजवळ हलकेच चुरगळायचा.

आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधा म्हणजे तुमचं निम्मं काम सोपं होईल.

पाठांतर | ४ मार्च, दुपारी २.०५

क्रमावर तुमच्यात वाद चाललाय तर आपल्याकडे तो क्रम तयारच आहे. आकाशाला गुण एकच, शब्द. वायूत शब्द आहे आणि स्पर्श वाढला. तेजात या दोन्हींत रूप वाढलं. पाण्यात रस, म्हणजे चव. आणि पृथ्वीत गंध आला, म्हणजे मातीपाशी पाचही हजर. एकेका भुताबरोबर एकेक इंद्रिय उघडत जातं. तुमची गोष्टसुद्धा याच क्रमाने चाललीय बघा, रिकामं आभाळ, वारा, ऊन, विहिरीचं पाणी, आणि शेवटी माती.

मग पहिली दहा मिनिटं नुसता आवाज. कोणाला स्पर्श नाही, उजेड नाही, वास तर मुळीच नाही. प्रेक्षकांना आधीच कळवा की त्या दिवशी सेंट, गजरा, अत्तर काही लावून येऊ नका. चाळीस मिनिटं ज्या हॉलमध्ये कसलाच वास नाही तिथे पहिल्यांदा मातीचा वास आला तर काय होईल विचार करा. तुमचं अत्तर चुकलं नव्हतं, ते पहिल्या मिनिटाला आलं हे चुकलं.

अजून एक. न्यायशास्त्रात पाण्याला स्वतःचा गंध मानत नाहीत, पाण्याला वास आला तर तो मातीच्या संसर्गाने. म्हणजे पहिल्या पावसाचा वास हा पावसाचा नाहीच, तो जमिनीचा आहे. स्पर्शाचंही तिथे नेमकं सांगितलंय, पाणी शीत, तेज उष्ण, आणि वायू व पृथ्वी अनुष्णाशीत, म्हणजे गारही नाही आणि गरमही नाही. त्यामुळे वाऱ्यात गारवा आणू नका, गारवा विहिरीसाठी राखून ठेवा.

आणि पाण्याची चव कशी द्यायची असा प्रश्न पडला असेल तर त्याचंही उत्तर जुन्या टीकाकारांनी देऊन ठेवलंय. पाण्याचा रस मधुर, पण तो सहसा जाणवत नाही, हिरडा किंवा आवळा खाल्ला की उघड होतो. मे महिन्यात ताजा आवळा मिळणार नाही पण आवळकाठी मिळेल. तिसऱ्या भागाच्या शेवटी, ऊन टिपेला असताना, तोंडात आवळकाठीचा तुकडा द्यायचा, चघळू द्यायचा, घसा कोरडा पडल्यासारखा होतो, आणि मग विहिरीपाशी पाण्याचा एक घोट. माठातलं नको, माठाला मातीचा वास असतो आणि तो अजून यायचाय. तांबट आळीतून आणलेल्या तांब्याच्या भांड्यातलं चालेल.

जाता जाता, नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा असं म्हटलंय, छोट्या खिडक्या, आत वारा खेळणार नाही असा, म्हणजे आवाज गंभीर होतो. एखाद्या दिवशी सकाळी सहाही जण पाताळेश्वरला जाऊन बसा. आठव्या शतकातलं कोरीव लेणं, जंगली महाराज रस्त्यापासून चार पावलांवर, आणि आत गेलं की रस्ता कसा लांब जातो ते ऐका. आकाशाचा भाग तिथे बसून लिहा.

प्रयोगवही | ४ मार्च, रात्री ९.३०

पाठांतर यांनी पावसाचा वास जमिनीचा म्हटलंय त्याला रसायनशास्त्राकडून पुष्टी देते, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. १९६४ साली इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं, कोरड्या काळात माती-दगडांत साठलेली तेलं त्यात असतात. त्याच्या जोडीला जिओस्मिन नावाचं रसायन, ते मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू तयार करतात, आणि आपलं नाक त्याला इतकं तीक्ष्ण आहे की हवेत अब्जावधीत काही कण असले तरी कळतं. म्हणून तुमचे चार थेंब जास्त झाले. शिवाय कन्नौजचं खरं मिट्टी अत्तर भाजलेल्या मातीपासून तांब्याच्या डेगेत भपक्याने, म्हणजे वाफेने ऊर्ध्वपातन करून, काढतात आणि ते चंदनाच्या तेलात उतरवतात, चंदन धरून ठेवतं, सोडत नाही. मनगटावर लावायला तेच चांगलं, नाटकाला तेच वाईट.

तर अत्तर नकोच. हा वास उडतो कसा ते बघा. थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडतात, त्यावर बसून वास येतो. एमआयटीत २०१५ मध्ये हे हायस्पीड कॅमेऱ्याने टिपलं होतं, आणि हलक्या ते मध्यम पावसात हे जास्त होतं, धो धो पावसात नाही. म्हणून पाणी ओतू नका, थेंब टाका. कसबा पेठेत कुंभारवाड्यात जा, न रंगवलेल्या परळ्या, म्हणजे मातीच्या उथळ ताटल्या, घेऊन या, आठवडाभर गच्चीत कडक उन्हात ठेवा. त्यात कुंडीतली नको, शेतातली वाळलेली माती चिमूटभर पसरा. प्रयोगात प्रत्येकाच्या हनुवटीखाली एक परळ धरायचा आणि ड्रॉपरने एक, दोन, तीन थेंब. वास त्या माणसापुरता येतो आणि दोन मिनिटांत जातो. नाकही तेवढ्यात दमतंच, एकच वास सतत आला की जाणवेनासा होतो, त्यामुळे लांबवण्यात अर्थ नाही.

आणि मातीने दगा दिला तर बीट किसा. खरंच सांगतेय. बीटाला जो मातकट वास येतो तो जिओस्मिनचाच. ताजं बीट किसून नाकाजवळ न्या, डोळे मिटा. आंबट पदार्थाने तो वास मोडतो, म्हणून पुढच्या खेळाआधी हात आणि खिसणी लिंबाने धुवा.

पांढरी काठी | ५ मार्च, सकाळी १०.५०

धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, दोनदा ऐकला. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो, नाटकवेडा आहे, त्यामुळे थोडं परखड लिहिणार आहे, समजून घ्या.

पट्ट्या बांधू नका. विंगेतला दादांबद्दल आदर ठेवून सांगतो, आवाजाचं त्यांनी जे लिहिलंय तसं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, पण पट्टीने काय होतं ते बघा. डोळस माणसाचे डोळे एकदम बांधले की तो ऐकत नाही, तो घाबरतो, हात पुढे करून चाचपडतो, आणि बाहेर पडल्यावर म्हणतो बापरे, यांचं आयुष्य किती कठीण. ताईंच्या आजींना वारा गालावर कळायचा तो काळोखामुळे नाही, चार वर्षं त्या रोज त्याच गॅलरीत बसून वाऱ्याकडे लक्ष देत होत्या म्हणून. मला काळोख दिसत नाही. काळोख ही डोळसांची गोष्ट आहे. दिवे मंद करा, लोकांना स्वतःहून डोळे मिटू द्या, आणि ज्याला उघडावेसे वाटतील त्याला उघडू द्या.

काही वर्षांपूर्वी अशाच एका अनुभवाच्या कार्यक्रमाला गेलो होतो, नाव घेत नाही. तिथल्या स्वयंसेवकाने न बोलता माझा दंड धरला आणि ओढत नेलं, काठी दुसऱ्याच कोणी काढून घेतली, आणि मग तळहातावर काहीतरी ओलं, लिबलिबीत ठेवलं. सगळे हसत होते. नंतर कळलं भिजवलेला साबुदाणा होता. घरी येईपर्यंत मी हात पँटला पुसत होतो. तुमचा हेतू कितीही चांगला असो, न सांगता स्पर्श झाला की पुढचं सगळं संपतं. आधी आवाज द्या, मग हाताच्या पाठीला हलका स्पर्श, मग वस्तू. आणि नको म्हणायची सोय ठेवा, मूठ मिटली म्हणजे नको, असं काहीतरी ठरवा.

प्रयोगाआधी अर्धा तास आम्हाला हॉलमध्ये येऊ द्या. पत्रा कुठे टांगलाय, सूप कसलं, घागर किती जड, हाताने बघू द्या. मजा जाईल असं वाटतं लोकांना, उलट असतं, पत्र्याला हात लावून ठेवला असेल तर गडगडाट झाल्यावर मला तो हातातही आठवतो. नंतर मात्र एकही स्टूल हलवू नका. दारापासून जागेपर्यंत फरशीवर काथ्याची दोरी चिकटवा, पायाला आणि काठीला दोन्हीला लागते.

आता पाठांतर यांचा क्रम. तेजाबरोबर रूप येतं म्हणालात, मग मी त्या दहा मिनिटांत काय करू? पण तुम्हीच पुढे लिहिलंय की तेजाचा स्पर्श उष्ण. ते माझं तेज. सूर्य कुठे आहे ते मला चेहऱ्याने कळतं, सकाळी बसस्टॉपवर मी तसाच उभा राहतो. तो हॅलोजन एका जागी ठेवू नका, चाकांच्या स्टँडवर घ्या आणि दहा मिनिटांत उजव्या गालाकडून डाव्या गालाकडे हळूहळू न्या. दिवस जाईल.

आणि आकाश. तुमच्या हॉलला लाकडी खिडक्या आहेत म्हणालात. सगळ्या बंद करून सुरुवात करा. बंद खोलीचा आवाज जवळ असतो, दाबलेला. मग एकेक खिडकी उघडा, सावकाश, कडीचा आवाज होऊ द्या. प्रत्येक खिडकीबरोबर खोली मोठी होत जाते ते मला स्पष्ट ऐकू येतं, तुम्हालाही येईल, फक्त घाई करू नका. एवढं आकाश पुरे आहे.

विंगेतला | ५ मार्च, दुपारी १२.२०

पांढरी काठी, पट्टीचं मागे घेतो. तुम्ही लिहिलंत ते वाचून उठून फेऱ्या मारल्या. खिडक्यांची गोष्ट इतक्या वर्षांत मला सुचली नाही आणि विंगेत तर मी निम्मा वेळ अंधारातच असायचो.

चौथी भिंत | ५ मार्च, दुपारी ४.४५

थोडी भर. बार्सिलोनात तेआत्रो दे लोस सेन्तिदोस म्हणून गट आहे, कोलंबियाचे एन्रिके वार्गास यांचा, ते प्रेक्षकाला एकट्याने चक्रव्यूहासारख्या वाटेतून नेतात, बराचसा भाग वास, स्पर्श, आवाज यांवर. त्यातलं एक तुम्हाला उपयोगी पडेल, प्रेक्षक एकेकटा आत येतो. सोळा जणांना एकदम दार उघडून आत सोडलंत तर ते गप्पा मारतच येतील. दोन-दोन मिनिटांनी एकेक सोडा, दारात कोणीतरी नाव विचारावं आणि हातात रिकामी घागर द्यावी. पुढे पुण्यातल्याच सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेतही हे होईल, खुर्च्या हलवता यायला हव्यात एवढंच.

पिंपळपान | ६ मार्च, रात्री १२.१०

मुलगा झोपल्यावर लिहितेय. तो ११ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. विशेष मुलांसाठी प्रयोग करणार हे वाचून खूप बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण पत्रा.

अचानक मोठा आवाज झाला की माझा मुलगा दोन्ही कान दाबून जमिनीवर आडवा होतो आणि त्यानंतरचा सगळा दिवस जातो. पण तोच मुलगा पावसात गॅलरीचा पत्रा वाजायला लागला की तिथं जाऊन हात लावून तासभर उभा राहतो. आवाज वाईट नाही, तो आधी न सांगता आला की वाईट. पांढरी काठी यांनी हाताने बघू द्या लिहिलंय ते या मुलांनाही तसंच लागू आहे, पत्रा आधी त्याच्या हातात द्या, त्याला स्वतःला हलवू द्या. प्रयोगाच्या आठवडाभर आधी आम्हाला फोटो पाठवा, दाराचा, हॉलचा, सुपाचा, छत्रीचा, तुमच्या सहाजणांच्या चेहऱ्यांचा, क्रमाने. आम्ही रोज दाखवू. कान झाकायचे हेडफोन आम्ही आणू पण दोन-तीन जास्तीचे ठेवा. दार उघडं ठेवा, मूल उठून बाहेर गेलं तर जाऊ द्या, परत आलं तर येऊ द्या, कोणी शूक शूक करायचं नाही. आणि अशा प्रयोगाला सोळा नकोत, सहा मुलं खूप झाली.

लंडनला ऑइली कार्ट नावाची कंपनी १९८१ पासून लहान मुलांसाठी नाटकं करते, नंतर खास अशा मुलांसाठी करायला लागली, त्यांनी व्यायामासाठीच्या कोमट पाण्याच्या हौदात प्रयोग केलेत, ट्रॅम्पोलिनवर केलेत. मूल जिथे सुखात असतं तिथे नाटक न्यायचं. माझा मुलगा पाण्यात सुखात असतो. तुमच्या विहिरीपाशी जर परात भरून गार पाणी असेल आणि त्याला त्यात हात घालून बसू दिलंत तर तो बाकीचं नाटक त्या परातीतूनच ऐकेल, आणि तसं झालं तर त्याला पुढच्या प्रवेशाला ओढू नका एवढीच विनंती.

अग्नीसाठी एक सुचवू? आम्ही मंडईत गेलो की भट्टीवरचे फुटाणे घेतो, गरम असतानाच. कागदाच्या पुडीतून ऊब येते. तो खात नाही लगेच, पुडी आधी एका गालाला लावतो, मग दुसऱ्या, मग पोटाला, निवेपर्यंत. प्रत्येकाच्या हातात तशी एक पुडी द्या. शेंगदाणे नकोत, काही मुलांना ॲलर्जी असते, फुटाणेच. कापूर, धूप, धुराचं मशीन यातलंही काही नको, आमच्यातल्या दोघांना दमा आहे.

टेकडीवाट | २० मार्च, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार, मध्ये दोन आठवडे गप्प होते कारण सुचवलेलं सगळं करून बघत होतो.

परळ आणि ड्रॉपर चाललं, नुसतं चाललं नाही, आमच्यातला एकजण तिसऱ्या थेंबाला रडला, त्याचं गाव धरणात गेलंय. बीटही आणलं होतं पण लागलं नाही, तरी थैलीत ठेवणार. सुपांचा सराव रोज चाललाय, सहा जणांचा पाऊस अजून चालत येत नाही, एकदम सगळीकडे पडतो, तिरकं करण्याचा वेग जमायला वेळ लागेल. चादर पहिल्याच झटक्यात फरशीवरची सगळी धूळ घेऊन उडाली आणि सगळे शिंकायला लागले, तेव्हा आता प्रयोगाआधी ओल्या फडक्याने फरशी पुसून कोरडी करणार. आवळकाठीनंतर पाण्याचा घोट मी स्वतः घेतला आणि भांडं उलटं करून बघितलं की कोणी साखर टाकलीय का.

फुटाण्याची पुडी ठेवतोय आणि हॅलोजनही, आधी दिवा उजवीकडून डावीकडे जाणार आणि मावळला की हातात पुडी, चूल पेटल्यासारखी. सेलोफेन काढून टाकलं, पुडीच्या कागदाचाच आवाज पुरतो. पट्ट्या नाहीत.

खिडक्यांनी मात्र पेच टाकला. संध्याकाळी सात वाजता पहिली खिडकी उघडली तर बाहेरून सदाशिव पेठ आत आली, हॉर्न, रिव्हर्सचा आवाज, वडापावच्या गाडीवरचं बोलणं. दोन दिवस भांडलो, एकजण म्हणाला खिडक्या सोडून देऊ. मग परवा पहाटे सहाला जाऊन उघडल्या. पहिल्या खिडकीला एक कोकीळ होता, दुसरीला लांबची कुठली तरी घंटा, तिसरीला कोणीतरी अंगण झाडत होतं, चौथीला काहीच नव्हतं, नुसतं मोठं झालं सगळं. त्यामुळे प्रयोग आता सकाळी सव्वासहाला. लोक येतील का माहित नाही, पण तो आवाज दुसऱ्या वेळी नाही मिळत.

या रविवारी त्याच वेळेला पहिली पूर्ण तालीम आहे. पांढरी काठी, तुम्ही याल का? काथ्याची दोरी कुठून कुठे टाकायची ते तुमच्या पायांनी ठरवायचंय. पिंपळपान, तुमच्या मुलासाठी परात भरून ठेवते, फोटो उद्या व्यक्तिगत निरोपातून पाठवते, तो फक्त परातीपाशी बसला तरी चालेल.

पांढरी काठी | २० मार्च, रात्री १०.५५

येतो. दारात घागर देणार असाल तर माझ्या डाव्या हातात द्या, उजव्यात काठी असते.

पिंपळपान | २१ मार्च, सकाळी ६.३०

फोटो आले की आजपासूनच दाखवायला लागते. त्याला पितळेची परात आवडते, स्टीलची नको, टोपल्यात घालून आमचीच घेऊन येऊ का?